फोटोबाहेरचा मामा

सुपाएवढी निळी टोपी.

उजव्या हाताची साडेचार बोटं.

जिन्यातून वर येणारा ढोल. खालच्या हॉलमध्ये शिखांचा साखरपुडा आहे. त्याच्याही खाली, तळघरात, ग्रीकांचं बारसं.

गुडघा. गावात सांगितलंय, दुबईला गुडघा दाखवायला चाललोय.

पायऱ्यांवर नवऱ्याकडची सव्वीस माणसं. नवरीकडची अर्धी बाजू रिकामी.

*

नायेफ खांबाआड उभा होता. खांब पातळ होता.

बैरूतहून निघाल्यापासून तो जेमतेम तीन तास झोपला होता. आता पापण्या मिटल्या की आतून वाळू टोचायची. पण मिटून चालणार नव्हतं. फोटो काढणारी हैतीची बाई खेळाचे बूट घालून आली होती आणि कुठूनही उगवायची. सकाळी नोटरीने लग्न लावलं तेव्हा ती खुर्च्यांच्या रांगेखालून उगवली. नायेफ वाकून बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

लग्न त्याच्या भाचीचं, लमीसचं. ती द्रूझ जमातीची, नवरा मारोनी ख्रिस्ती. म्हणून ना शेख, ना पाद्री. मॉन्ट्रियलची एक नोटरी आणि तीन सह्या. जमातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या दारात त्याच्या गावातलं कुणी जात नाही. लमीसची आईसुद्धा आली नव्हती. नायेफ आल्याचं गावात कळलं असतं तर त्याच्या थोरलीची ठरलेली सोयरीक मोडली असती. निघताना बायकोने बजावलं होतं, जायचं तर जा, जेवा, पण एकाही फोटोत दिसू नका. उद्या आपल्यातलं कुणी गेलं तर खांदा द्यायला चार माणसं लागतात.

सकाळी लमीसने एक फोटो मागितला होता. एकच. मग त्याचं तोंड बघून स्वतःच म्हणाली, राहू दे मामा.

तेव्हापासून तो खांब बदलत होता.

“हा खांब तुम्हाला पुरत नाही,” कुणीतरी मागून म्हणालं.

निळी टोपी होती. टोपीखाली नवऱ्याची आई, ओडेट. तीस वर्षं इथे राहून तिचं बोलणं अजून डोंगरातलंच होतं. तिचं गाव त्याच्या गावासमोर, दरीपलीकडे. इकडे दिवा लागला की तिकडून दिसतो.

त्याने नाडीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. ती म्हणाली, नाडीची गोष्ट अख्ख्या हॉलला माहीत आहे. मग हातातली थाळी त्याच्यापुढे धरली. त्याने खिम्याचं एक किब्बे उचललं आणि उभ्यानेच खाल्लं.

“माझ्यामागे राहा, भाऊ. देवाने एवढी रुंद केलीय ती कशाला?” ती म्हणाली. “युद्धाच्या वर्षी तुमच्या टेकडीवरून आमच्या घरावर तोफा यायच्या. आता तुम्हीच माझ्याआड लपताय. बघायला माझी सासू हवी होती.”

नायेफला हसायचं होतं. जांभई आली.

त्यानंतर दुपारभर ती जिथे गेली तिथे तो गेला. केक कापताना, फेर धरताना, म्हाताऱ्या काकांच्या भाषणाला. फोटोवाली उगवली की टोपी आडवी यायची. एकदा ती मागे न बघता पुटपुटली, तो हातही खिशात घाला. त्याने उजवा हात खिशात घातला. दरीच्या दोन्ही बाजूंना तो हात ओळखणारे होते, आणि हॉलमध्ये निम्म्या लोकांच्या हातात फोन होते. इथला फोटो इथे अंधार पडायच्या आत दरीत पोचला असता.

शेवटी पायऱ्यांवरचा फोटो. नवऱ्याकडची माणसं चढली, लहान पोरं पुढे बसली. फोटोवालीने नवरीकडच्यांना हाक मारली. कुणी हललं नाही. तिने पुन्हा हाक मारली. लमीस तिला म्हणाली, एवढेच आहोत, घ्या फोटो.

ओडेट पोराच्या बाजूने उठली. टोपी सावरत पलीकडे गेली आणि लमीसला लागून, एक पायरी वर, उभी राहिली. वरून तिच्या नवऱ्याने विचारलं, तुझी जागा इकडे आहे ना. ती म्हणाली, पंचवीस जणांत तुम्हाला करमेल.

तिच्यामागे नायेफ वाकला. गुडघा खरंच दुखत होता. त्याच्यापुढे निळं कापड होतं, कापडापलीकडे भाचीचा खांदा. सकाळपासून आपण किती कमी जागेत राहिलो, एवढंच त्याच्या मनात आलं.

टोपीखालून त्याने डावा हात काढला आणि लमीसच्या खांद्यावर ठेवला. पाची बोटं धड असलेला हात. कुणाचाही असेल.

फोटोवाली आकडे मोजू लागली.

“विहीणबाई,” तो म्हणाला, “जरा डावीकडे सरका.”

“दिसाल.”

“तोंड नाही दिसायचं.”

ती सरकली. त्याने डावा हात काढून घेतला. खिशातला उजवा काढला आणि तो ठेवला. लमीसने वळून पाहिलं नाही. मान फक्त जरा मागे टेकली.

खाली ढोल थांबला होता.

ऑलिव्हच्या घाण्यात त्याचं बोट गेलं ते शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात. त्या दिवशी अख्खं गाव बघायला आलं होतं.