गोट्यांची वाट

मुरबाडजवळच्या प्रार्थनागृहामागे प्रेमाच्या आईने नदीतल्या गोट्यांची चक्राकार वाट मांडली होती. प्रार्थना करत मध्यापर्यंत जायचं, त्याच वाटेने परतायचं.

"येशूकडे जायला गरगर फिरावं लागत नाय, प्रेमा," आईला मूठमाती दिल्यावर पाळक म्हणाले. "उद्या गोटे उचलू."

त्याआधी एकदा आईला तिथे शोधावं म्हणून प्रेमा गेली. झाडलोट करणारी सावळी खराटा घेऊन उभी होती.

"रोज झाडते गो. तरी तुझ्या आईची पावलं उमटतात. जातानाची. येतानाची नाय."

प्रेमा मध्यापर्यंत चालली. तिथे आई नव्हती, कुणीच नव्हतं. ती परतली, सावळीशेजारी येऊन उभी राहिली.

धुळीत तिचीही पावलं फक्त आत गेलेली होती.

सावळी मध्याकडेच बघत होती. "प्रेमा," तिने हाक मारली, "ये गो आता बाहेर."