बाहेरचं तापमान

घड्याळ चुकीचं दाखवतंय, यात डोरीन बाबियाकला शंका नव्हती. 'बाहेर' या शब्दापुढे एकोणीस अंश होते आणि खिडकीबाहेर वारा बर्फाची पिठी उधळत होता. रेडिओवर सकाळीच उणे एकोणतीस सांगितलं होतं.

घड्याळ ओरेस्टने, तिच्या नवऱ्याने, शनिवारी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलं होतं. वेळ, आतलं तापमान, बाहेरचं तापमान, उद्याचा अंदाज, सगळं एकाच काचेवर. बाहेरचं तापमान कळवायला काडेपेटीएवढा पांढरा सेन्सर होता, तो त्याने मागच्या दाराच्या चौकटीला लावला होता. वायर नाही, काही नाही.

"थंडीने बॅटऱ्या बसल्या असतील," ओरेस्ट म्हणाला आणि नव्या आणायला तळघरात गेला. बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा बॅटऱ्या मिळाल्या होत्या.

त्यांनी सेन्सर आत आणला, बॅटऱ्या बदलल्या, माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे घड्याळाजवळ ठेवून मागचं बटण टाचणीने दाबलं. पाच मिनिटं थांबले. काचेवर आकडा आला, सतरा.

"आता उतरतोय तरी," ओरेस्ट म्हणाला.

"इथे स्वयंपाकघरात एकवीस आहेत. मग सतरा कुठले?"

ओरेस्टने कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने सांगितलं की सेन्सरच्या बॅटऱ्या पूर्ण काढून ठेवा आणि घड्याळ पाहत राहा. डोरीनने स्वतःच्या हाताने त्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. दोघं घड्याळाकडे बघत बसले.

सतराचे पंधरा झाले.

"म्हणजे हे आपल्या सेन्सरचं नाहीच," ओरेस्ट फोन ठेवून सावकाश म्हणाला. "जवळच कुणाकडे असलंच घड्याळ असलं की असं होतं म्हणे. आपलं घड्याळ त्यांचा सेन्सर पकडतं."

जवळच म्हणजे एकच घर होतं. स्प्रूसच्या झाडांच्या रांगेपलीकडचं, लॉर्न सॉचकचं. लॉर्न म्हणजे डोरीनचा थोरला भाऊ. ती विनिपेगला असताना त्याने तिला न विचारता आईला वृद्धाश्रमात ठेवलं, आणि तीन आठवड्यांत आई गेली. अंत्यविधीनंतर चर्चच्या पायऱ्यांवर डोरीन त्याला जे बोलली ते शेवटचं. त्याला नऊ वर्षं झाली होती. गेल्या शरद ऋतूत त्याला हृदयविकाराचा झटका आल्याचं तिला चर्चमधल्या बायकांकडून कळलं. ती दोन दिवस धड जेवली नाही, पण गेली नाही.

"त्याने सेन्सर बाहेर लावलाच नसेल," ती म्हणाली. "आतच कुठेतरी ठेवला असेल. आळशी तो पहिल्यापासून." मग ती थबकली. "ओरेस्ट, म्हणजे हे त्याच्या घरातलं तापमान आहे."

काचेवर तेरा होते.

ओरेस्टने पेपर उघडला. "घर तापवायची भट्टी बंद पडली असेल. दुरुस्त करेल तो."

"शुद्धीत असेल तर करेल."

"फोन लावून बघतो." त्याने लावला, कानाशी धरून बसला आणि शेवटी मान हलवली. कुणी उचलत नव्हतं.

डोरीन खिडकीशी गेली. स्प्रूसमधून एरवी त्याचा दिवा दिसायचा. दुपारचे तीन वाजले होते आणि वाऱ्यात झाडंसुद्धा धड दिसत नव्हती. ती परत घड्याळापाशी आली. अकरा.

"तू जाऊन बघ ना," ती म्हणाली.

"या गुडघ्याने? आणि तुला कशाला एवढं? नऊ वर्षं तो जिवंत आहे की मेलाय, विचारलं नाहीस. आज एका घड्याळावरून जीव खालीवर?"

चाळीस वर्षांच्या संसारात तो इतकं लागेल असं क्वचितच बोलला होता. तो पेपरातून डोकं वर काढत नव्हता. डोरीनला तो क्षणभर परका वाटला.

दहा. मग नऊ.

तिने जाड कोट चढवला, बूट घातले, मफलर तोंडाभोवती गुंडाळला. तो उठला नाही. दार लावताना ती एवढंच म्हणाली, "त्याला काही झालं असेल ना ओरेस्ट, तर तुझं तोंड बघणार नाही मी."

एरवीची तीन मिनिटांची वाट. गुडघाभर बर्फात, झाडं चाचपत, तिला दहा तरी लागली. सगळी वाट तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवा पडलेला लॉर्न. चर्चच्या पायऱ्यांवरचे आपलेच शब्द तिला ऐकू येत होते. ते परत घ्यायला माणूस तरी हवा होता.

तिने दार ठोठावलं. उत्तराची वाट न बघता ढकललं. दाराला आतून कडी लावलेली नव्हती.

गरम हवेचा झोत तोंडावर आला आणि तिचा चष्मा धुरकटला. तिने तो काढून पुसला. चुलीवर पिरोगीचं, त्या उकडीच्या करंज्यांचं, पाणी उकळत होतं, टेबलावर तीन ताटल्या मांडल्या होत्या. चुलीपाशी हातात झारा घेऊन लॉर्न उभा होता. पूर्वीपेक्षा निम्मा झालेला, पण धडधाकट.

"तुझी भट्टी," ती म्हणाली. "घरात नऊ अंश..."

लॉर्नने फ्रीजचं दार उघडलं. दुधाची पिशवी आणि बीटच्या लोणच्याची बरणी यांच्या मधे पांढरा सेन्सर लुकलुकत होता.

"ओरेस्ट मघाशी फोनवर म्हणाला होता, आकडा पाच अंशांवर आला की निघशील," लॉर्न म्हणाला. त्याने भिंतीवरच्या आपल्या घड्याळाकडे पाहिलं. "तू आठ अंशांनाच आलीस, डोरी."