साखर घातलेली वाटी

जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये माड्या इतक्या जवळजवळ आहेत, की हात लांबवला की या खिडकीतली वाटी त्या खिडकीत जाते.

आप्पा दुपारी खिडकीशी बसून गाठोडं बांधत होते. त्यांची बायको अंबूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात तिचं काहीच उरलं नाही, मग राहायचं कशाला, म्हणून ते कायमचे ओझरला मुलाकडे निघाले होते.

समोर नुकतीच राहायला आलेली साधना खिडकीत आली.

"आप्पा, निघालात? ही तुमची वाटी. सकाळी विरजण नेलं होतं. रिकामी कशी देऊ, म्हणून साखर घातलीय."

"घर चुकलीस, पोरी. माझ्याकडे दही लागतच नाही."

"तुम्ही दुकानात गेला होतात. मावशींनी दिलं. वर दम भरला, वाटी दिली नाहीस तर गल्लीभर सांगेन."

आप्पांचा हात थांबला. असा दम अंबूबाईच भरायची.

"कुठली मावशी?"

"भांडलात वाटतं?" साधना हसली. तिने हात लांबवला, पण आप्पांकडे नाही, त्यांच्या खांद्यावरून मागे. "घ्या हो मावशी, तुम्हीच घ्या."

तिने वाटी सोडली आणि हात मागे घेतला.

आप्पा फरशीवरच्या आवाजाची वाट बघत राहिले. वाटी पडली नाही.

खालून रिक्षावाल्याने हाक मारली, "आप्पा, येताय ना?"

"जा बाबा तू," मागे न बघता आप्पा म्हणाले. "आम्ही दोघं इथेच आहोत."