वहीतले आकडे

गोल्फ चॅम्पियनची पिशवी उचलणाऱ्या कॅडीच्या वहीत अठरा पानं होती, एका होलला एक. गेली बारा वर्षं प्रत्येक स्पर्धेआधी तो मैदान पायी मोजायचा आणि पानावर पावलं लिहायचा. त्याचं पाऊल नव्वद सेंटीमीटरचं; चॅम्पियनला अंतर सांगताना तो मनातल्या मनात मीटर करून सांगायचा.

अंतिम दिवशी सतराव्या होलवर सोपा फटका हुकला आणि चॅम्पियनने सगळ्यांदेखत त्याच्यावर खापर फोडलं. "चालता हो! पिशवी माझा मेहुणा उचलेल. वही ठेव इथंच. बारा वर्षं नुसतं ओझंच तर वाहिलंस!"

"हो साहेब, नुसतं ओझंच," कॅडी म्हणाला. त्याने शेवटचं पान स्वतः उघडून वही मेहुण्याच्या हातात दिली आणि दोरीपलीकडच्या गर्दीत जाऊन उभा राहिला.

एका फटक्याची आघाडी अजून शाबूत होती. शेवटच्या होलला चेंडू वाळूच्या खड्ड्याशेजारी थांबला होता; झेंड्याच्या मागे लगेच तळं.

"या खड्ड्यापासून झेंडा एकशे वीस मीटर, भावोजी!" मेहुणा वहीत बघून ओरडला. चॅम्पियनने फटका बरोबर तेवढाच मारला.



चेंडू झेंड्याच्या बारा मीटर पुढे, पाण्यात पडला.