हत्यारं आणि तयार माल

दर रविवारी सकाळी मुलगा लांबच्या शहरातून फोन करतो आणि तिथे बसूनच माझा कॉम्प्युटर आवरतो. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागतो. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसतो.

"बाबा, पुन्हा तेच! प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये आईचे फोटो कसे गेले? अहो, एवढे मोठे सुतार तुम्ही, रंधा आणि तयार खुर्ची एकाच पेटीत कोंबता का?"

"साठीला अक्षरं गिरवली रे मी. तुझं हे फोल्डर प्रकरण माझ्या डोक्यात कुठून शिरणार?"

तो हसतो. फोटो डेटाच्या फोल्डरमध्ये हलवता हलवता मध्येच एखादा उघडतो आणि विचारतो, "ही आई कुणाच्या लग्नातली हो?" मी सांगत बसतो. तास कसा जातो, कळत नाही.

खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत माझी पटाशी एकदाही आपला खिळा सोडून दुसरीकडे टांगली गेली नाही. फोटो दर शनिवारी मीच इकडचे तिकडे करतो.

गेल्या रविवारी तो खुशीत होता. "बाबा, तुमची कटकट कायमची मिटवली. एक प्रोग्रॅम टाकलाय. तुम्ही काहीही कुठेही ठेवा, तो सगळं आपोआप जागेवर लावेल."



आज रविवार. फोटो आपापल्या जागी लागले आहेत, मी खुर्ची ओढून बसलो आहे, आणि बाण काही हलत नाही.