नाद कुठवर गेला

"पुढच्या आठवड्यापासून हे केंद्र बंद होतंय, मावशी. आजची आपली शेवटची भेट."

घोकून घोकून पाठ केलेलं वाक्य समुपदेशक ताईने एकदाचं म्हणून टाकलं, पण मान खाली घालून, मांडीवरच्या उशीच्या खोळीची अडकलेली चेन ओढत. वर बघायची तिची छातीच झाली नाही.

मावशींनी बाहीला चिकटलेला दोरा काढून बोटाला गुंडाळला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "चला, वाजवा वाटी!" त्या नेहमीच असं मोठ्याने बोलायच्या, जणू ताई पलीकडच्या गल्लीत बसलीय.

ताईचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच ती खट्टूही झाली. इतकं सहज?

मावशींचा जन्म कपड्यांच्या कारखान्यात गेलेला, शिलाई मशीनवर. हल्ली घरात गप्प गप्प असतात, विचारावं एक तर सांगतात भलतंच, म्हणून सून त्यांना इथे घेऊन आली होती. "भिंतीशी बोललेलं परवडलं," ती म्हणाली होती. "भिंत निदान उगाच मान तरी डोलावत नाही."

इथे मात्र मावशींची प्रगती दृष्ट लागावी अशी. ताई काशाच्या वाटीवर लाकडी दांडीने ठोका द्यायची. नाद ऐकत राहायचं आणि तो पार विरला की बोट वर करायचं. मन आत्ता, इथे ठेवायचा सराव. बाकीच्यांचं मन मध्येच उठून घरचा गॅस बंद केलाय का बघायला पळायचं. मावशींचं बोट अगदी नेमक्या क्षणी वर! "डोळे तेवढे मिटणार नाही हं," ही एकच त्यांची अट.

ताईने दांडी उचलली, वाटीच्या काठापाशी नेली, आणि हात तिथेच थिजला. शेवटचा ठोका. दांडी वाटीला टेकलीच नाही. खोलीत नुसती पंख्याची घरघर. शेवटी तिने उसासा सोडला आणि तिचे खांदे खाली आले.

मावशींचं बोट वर.

"आज काय लांब गेला हो नाद!" त्या खुशीत म्हणाल्या. "पार रस्त्यापर्यंत!"

ताईचा हात आपसूक तोंडावर गेला. "मावशी, वाटी वाजलीच नाही."

मावशींचं हसू मावळलं. "तोंड नका ना झाकू."

ताईचा हात हळूच खाली आला.

"कधीपासून?" तिने ओठ नीट हलवत विचारलं.

"मशीन बंद केलं तरी डोक्यात घरघर चालूच राहायला लागली ना, तेव्हापासून. आता तीही नाही."

"मग बोट कसं...?"

"वाटीकडे मी बघतच नाही. नाद संपला की तुमचे खांदे खाली येतात."

"कानात घालायचं यंत्र मिळतं, मावशी."

"घालून पाहिलं गुपचूप. नुसतं खरखरतं."

"आणि घरी? घरी का नाही सांगितलं?"

"बहिरी म्हटलं की संपलंच. कोण कशाला तोंड उघडेल माझ्यापुढे? त्यापेक्षा घुमी बरी. घुमीला निदान इथे तरी पाठवतात." मावशींनी बोटाचा दोरा सोडला, पुन्हा गुंडाळला. "घरी सगळे पाठमोरे बोलतात हो. तोंड ओट्याकडे, नाहीतर फोनकडे. माझ्याकडे बघून बोलणाऱ्या तुम्ही एकट्या."

मावशी उठल्या, पिशवी काखेत मारली. चोरी पकडली गेल्यावर लहान मुलं हलकी होतात, तशा हलक्या झाल्या होत्या.

"येते मग. आता तुम्हाला कळलंच आहे, तर लबाडी कशाला? पुढच्या वेळी डोळे मिटून बसेन."

पुढच्या वेळी.

ताईने मांडीवरच्या उशीकडे पाहिलं. केंद्र बंद होण्याचं ते वाक्य तिने उशीच्या खोळीला सांगितलं होतं. मावशींना नाही.

"मावशी, थांबा!"

पण हाक त्यांच्या पाठीवर पडली आणि मावशी दारापर्यंत पोचल्यासुद्धा. ताईने धावत जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी वळल्या. उजेड ताईच्या चेहऱ्यावर पडावा म्हणून जरा बाजूला सरकल्या, आणि तिच्या ओठांवर नजर लावून, हसतमुखाने, वाट बघत उभ्या राहिल्या.