कडूचा लूम
मालूबाईच्या डोळ्यांदेखत नवरा अंगणात कोसळला, श्वासही थांबला. सून वंदना आरोग्य शिबिरात छाती दाबायला शिकली होती. तिथे दाबांचा ठेका चुकू नये म्हणून मोबाइलवर टिकटिक लावत. इथे तिने शेजारच्या कडूच्या पॉवरलूमची खडखड धरली, एका ठोक्याला एक दाब. पण गल्लीत कोणी वारलं की लूम बंद ठेवायची रीत, आणि कडूला दुसऱ्याच्या दुःखात पुढे असायची भारी हौस. कोणीतरी “गेले वाटतं” म्हणालं आणि कडूने बटण दाबलं. वंदनाचे हात अडखळले. “आई, ठेका गेला!” मालूबाई कडूच्या दारात धावली. “लूम चालू कर!” “काकी, अशा वेळी? लोक काय म्हणतील?” “मी कुंकू पुसलंय का, मुडद्या?” लूम खडखडला, हात ठेक्यात आले. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवताना नवरा कण्हला. धोट्यातलं सूत संपलं, तरी लूम रिकामाच धडधडत राहिला. बंद करायला कडूचा हात धजेना.